भूतकाळ नंतर शिकवीन

बुरुलचाच्या गोठ्यात तीन गायी होत्या आणि त्या हिवाळ्यात तिनं तिघींना तीन भाषा वाटून दिल्या होत्या. तांबडीला जर्मन, काळीला पोलिश आणि मोडक्या शिंगाच्या भुरीला इटालियन. छप्पन्न वर्षांच्या बाईनं तीन परक्या भाषा एकदम डोक्यात कोंबल्या तर त्यांची खिचडी व्हायचीच, आणि ती झाली होती. सुरुवातीला ती जर्मनमध्ये प्रश्न विचारायची, इटालियनमध्ये हो म्हणायची आणि पोलिशमध्ये आभार मानून मोकळी व्हायची. मग तिनं आपल्या परीनं तोड काढली. जिच्या सडांना हात, तिचीच भाषा तोंडात. तांबडीखालून उठून काळीखाली बसलं की जर्मन बंद.

एरवी आमच्या गावानं तिला चिडवून बेजार केलं असतं. नारिन नदीच्या वरच्या अंगाला, बर्फात पाच महिने अडकून पडणारं गाव आमचं. कोणाची मेंढी तिरकी चालली तरी त्यावर आठवडाभर बोलणं होतं. गायीला पोलिशमध्ये 'कशी आहेस' विचारणारी बाई म्हणजे आयती करमणूक. पण त्या हिवाळ्यात तिला कोणी हसलं नाही. बायका गोठ्यावरून जाताना माना खाली घालायच्या आणि पाय उचलायच्या. बुरुलचाच्या हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष एकाच वाक्यावर होतं. माझा मुलगा कुठं आहे, हे वाक्य तिला तिन्ही भाषांत विचारता यायला हवं होतं.

मुलाचं नाव मेदेर. वय एकतीस. तो एका पोलिश कंपनीचा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पोलंडहून माल भरायचा, जर्मनी ओलांडायची, डोंगर चढून इटलीत उतरायचं आणि परत. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईशी पाच मिनिटं, बायकोशी अर्धा तास. बुरुलचा त्यावरून सुनेला टोमणे मारायची आणि मनातून खूश असायची. बटाटे काढायच्या दिवसांत फोन थांबला. आईला शेवटचा निरोप आला होता तो डोंगरातून: आपा, इथले डोंगर पाहून घर आठवलं, खाली उतरलो की बोलतो. त्यानंतर काही नाही.

तिनं विचारायचं बाकी ठेवलं नाही. रशियन तिला शाळेपासून येत होतं. कंपनीच्या कचेरीत रशियन बोलणारा एक माणूस होता, त्याला तिनं फोन लावला. तो गोड बोलला, पण म्हणाला, बाई, तुमच्या थोरल्या दिरांशी आमचं बोलणं चालू आहे, त्यांना विचारा. थोरल्या दिरांना विचारलं तर ते म्हणाले, कागदपत्रांचा घोळ आहे, सुटेल. त्याच कंपनीत आमच्या गावची दोन पोरं होती. एक म्हणाला, फोन हरवला असेल. दुसरा म्हणाला, पोलिसांनी अडवून ठेवलंय, पण काळजीचं नाही. दोघांच्या बोलण्याचा मेळ बसेना. बुरुलचानं त्यातून आपला अर्थ काढला: पोरगा तुरुंगात आहे, नाहीतर कुठल्या बाईच्या नादी लागलाय, आणि हे सगळे त्याच्यावर पांघरूण घालताहेत.

"ज्याला माझी भाषा येते तो माझ्याशी खोटं बोलतो," एका संध्याकाळी कणीक मळता मळता ती सुनेला म्हणाली. "मग ज्याला येत नाही त्यालाच विचारते."

सून जिपार चुलीत गोवऱ्या सारत होती. तिनं मान वर केली नाही. "विचारा, आपा," एवढंच म्हणाली.

इथं सांगून टाकतो, कारण लपवाछपवी त्या घरात पुरेशी झाली. मेदेर मेला होता. बटाटे काढायच्या त्याच आठवड्यात, इटलीच्या हद्दीवरच्या एका बोगद्यात तीन ट्रक एकमेकांवर आदळले आणि पेटले. गावाला दुसऱ्याच दिवशी कळलं.

आमच्याकडे मरणाची बातमी कोणी तोंडावर फेकत नाही. ती 'कानावर घालतात'. गावातले वडीलधारे जमतात, सकाळी एकत्र जातात, बसतात, आणि त्यांतला बोलका माणूस आडवळणानं सुरुवात करतो: हातावरचा ससाणा उडाला आणि परत बसला नाही, कड्यावरचं झाड होतं, वाऱ्यानं नेलं. ऐकणाऱ्याला कळत जातं, आणि कळेपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात. तोवर घरातल्या कोणी रडायचं नाही, काळं नेसायचं नाही, मेलेल्याला आळवून गायचं नाही. रीत चांगली आहे. एकट्या माणसावर डोंगर कोसळू नये म्हणून कोणा शहाण्यानं ती घातली असेल.

पण जळलेल्या माणसाची ओळख पटवायला वेळ लागतो. गावच्या नर्सनं येऊन बुरुलचाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नेला, सरकारी तपासणी म्हणून सांगितलं. तो बोळा कुठं कुठं फिरला देव जाणे. कागद इकडून तिकडे जात राहिले आणि प्रेत तिथंच थंडीत पडून राहिलं. थोरले दीर उमुरझाक आके यांनी घरी माणसं बोलावली आणि निकाल दिला.

"प्रेत दारात नसताना आईला काय सांगायचं?" ते म्हणाले. "कुठल्या दिशेला तोंड करून रडेल ती? त्यात तिचं काळीज कमजोर. आला की सांगू. तोवर ज्याची जीभ सुटेल त्यानं माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नये."

बोलणं खोटं नव्हतं. माणूसही वाईट नव्हता. पण दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, दोनाचे चार झाले, आणि अख्खं गाव एका बाईपुढे तोंड दाबून बसलं. मला तेव्हाही त्याचा राग यायचा, पण मीही गप्पच होतो.

जर्मन शिकायला बुरुलचा साइरा एजेकडे गेली. साइरा एजे म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त बाई. जुन्या राजवटीत डोंगरातल्या शाळांनाही जर्मन शिकवायची टूम होती. तीस वर्षं त्यांनी मेंढपाळांच्या पोरांकडून जर्मन क्रियापदं घोकून घेतली आणि त्यांतला एकही पोरगा जर्मनीला गेला नाही. बुरुलचा दारात उभी राहून म्हणाली, मला शिकवा, तेव्हा बाईंचा चहाचा कप हातातच राहिला. त्याच संध्याकाळी त्या उमुरझाक आकेंकडे गेल्या आणि काय करू म्हणून विचारलं. आके म्हणाले, शिकव, मन रमेल तिचं. पण फार शिकवू नकोस.

तेव्हा बाई शिकवू लागल्या आणि शिकवेनातही. हे टेबल आहे. ही खिडकी आहे. खिडकीबाहेर बर्फ पडत आहे. बुरुलचा घाईवर आलेली. तिला खिडकीशी काय करायचं होतं?

"एजे, मला टेबल विकत घ्यायचं नाही. 'मुलगा कुठं आहे' ते सांगा."

बाईंनी ते सांगितलं. बुरुलचानं ते वाक्य इतक्या वेळा घोकलं की झोपेतही तिचे ओठ हलायचे. मग तिनं पुढचं मागितलं: तो आजारी आहे का, तो इस्पितळात आहे का, तो तुरुंगात आहे का. बाई देत गेल्या. सगळी वाक्यं 'आहे'ची. एक दिवस बुरुलचानं विचारलं की 'तो आला होता', 'तो गेला', असं म्हणायचं असेल तर काय करायचं.

"भूतकाळ ना? तो अवघड असतो," बाई म्हणाल्या. "भूतकाळ नंतर शिकवीन."

पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. बुरुलचा गेली की बाई उशीत तोंड खुपसून रडायच्या, असं त्यांच्याच घरच्यांनी मागाहून सांगितलं. सबंध भाषेत त्यांना भीती वाटत होती ती त्या एका काळाची. मेलेली माणसं सगळी तिथंच राहतात.

इटालियन फारसं जमलं नाही. फोनवरच्या धड्यात एक हसरा पोरगा कॉफी मागवायचा आणि बिल मागायचा, त्यापलीकडे गाडी सरकेना. जानेवारीत भुरी आटली आणि बुरुलचानं तिच्याबरोबर इटालियनही सोडून दिलं. पण पोलिशनं तिला हात दिला. रशियनची चुलत बहीणच ती. निम्मे शब्द ओळखीचे निघायचे. फोनवरची पोलिश शिकवणारी बाई कोणाच्या ओळखीची नव्हती, तिला उमुरझाक आकेंचा निरोप गेला नव्हता. तिनं सहाव्या धड्यातच भूतकाळ शिकवला: तो गेला, तो आला, तो परतला. बुरुलचा काळीच्या पोटाला डोकं टेकून ते म्हणत राहायची आणि चरवीत दुधाची धार वाजत राहायची.

बोलणं थोडं हाताला लागल्यावर तिनं डोकं चालवलं. कंपनीतला रशियनवाला माणूस सकाळी उशिरा येतो, हे तिनं हेरलं होतं. त्याच्या आधी फोन लावला तर कोणी दुसरं उचलेल. मंगळवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, ती गोठ्यात गेली, दार लावून घेतलं आणि काळीच्या शेजारी उभं राहून फोन लावला. काळीजवळ पोलिश नीट आठवायचं.

फोन एका बाईनं उचलला. बुरुलचानं नाव सांगितलं, मेदेरचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, मी आई. माझा मुलगा कुठं आहे?

मग त्या बाईनं भराभर काहीतरी सांगितलं, त्यातलं एक अक्षर हिला लागलं नाही. हिनं विनंती केली, हळू, मी शिकते आहे. तेव्हा ती बाई थांबली आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. तिचा आवाज ओला होता. आधी तिनं दोन-तीन शब्द म्हटले ते बुरुलचाला ठाऊक नव्हते. दुःखाचे, सांत्वनाचे शब्द कुठल्याच धड्यात आले नव्हते. मग आला तो शब्द, सहाव्या धड्यातला, स्पष्ट.

"व्रुचिव." परतला. आणि मग: विमानात आहे. उद्या, बुधवारी. तुमच्याकडे. घरी.

बुरुलचानं तिचे आभार मानले. एकदा मानले, परत मानले, आणि त्या अनोळखी बाईला हुंदका आला तेव्हा हिला वाटलं, किती मायाळू आहेत या पोलिश बायका, दुसऱ्याचा पोरगा घरी येतो म्हणून रडतात.

ती गोठ्यातून घराकडे धावली. चार महिन्यांत कोणी तिला धावताना पाहिलं नव्हतं. जिपार चुलीपाशी बसून उकळत्या तेलात पिठाचे तुकडे सोडत होती. बुरुलचाच्या मनात काय काय चाललं होतं: मेंढी कापायला हवी, अंगणातलं बर्फ काढायला हवं, पोराला आधी मिठी मारायची की आधी थोबाडीत द्यायची. तिला श्वास लागला होता आणि डोक्यात अजून पोलिश फिरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाचं बोलणं तिला परक्या भाषेत कळलं होतं, आणि नवशिके करतात तसं तिनं तो शब्द होता तसाच उचलला आणि आपल्या भाषेत ठेवला.

"जिपार," ती म्हणाली, "मेदेर परतला."

आता आमची भाषा. गावाहून, बाजाराहून, परदेशाहून माणूस घरी आला तर आम्ही 'आला' म्हणतो, 'येतोय' म्हणतो. 'परतला' म्हणत नाही. परतला म्हणजे जिथून आला होता तिथं गेला. 'मेला' हा शब्द जनावरासाठी आहे. माणसासाठी 'परतला' आहे, आणि शेंबड्या पोरालाही तो कळतो. बुरुलचालाही कळत होता. तिनं स्वतः तो शेकडो वेळा, शेकडो दारांत म्हटला होता. पण त्या घटकेला तिच्या तोंडात आपली भाषा नव्हतीच.

जिपारच्या हातातला झारा खाली पडला. ती उठली नाही, गुडघ्यांवरच सरकत सासूपाशी आली आणि तिचे पाय धरले. चार महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर एकदम आलं.

"सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली. "आपा, सांगितलं एकदाचं. मोठे आके तर उद्या सकाळी येणार होते. मला म्हणाले होते, उद्यापर्यंत धीर धर."

बुरुलचा हसतच होती. हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला. तिनं आधी सुनेकडे पाहिलं, मग आपणच आत्ता काय बोललो ते तिला ऐकू आलं. जे आडवळणानं, माणसांच्या आधारानं, एकेक पायरी उतरवत सांगायचं असतं ते तिच्या अंगावर एका शब्दात येऊन पडलं, आणि तो शब्द तिनंच उच्चारला होता. दोन्ही बाजूंना कोणी बसलेलं नव्हतं. तेल जळायला लागलं होतं. तिनं वाकून कढई चुलीवरून बाजूला ठेवली, कारण हात आपोआप तेच करतात.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"बटाटे काढत होतो तेव्हा."

"आणि तुला?"

"त्याच आठवड्यात." जिपार पायांशी बोलावं तसं बोलत होती. "आई आजारी आहे म्हणून मला माहेरी बोलावलं नव्हतं का? तिथं घातलं कानावर. दोन दिवस तिथं रडून घेतलं. मग तोंड धुऊन, हा रुमाल बांधून आणून सोडलं मला."

डोक्यावरचा रुमाल लाल फुलांचा होता. बुरुलचाला आता एकेक आठवू लागलं आणि प्रत्येक आठवण सुरीसारखी आत गेली. सुनेनं नवीन वर्षाला शेजारच्या बायकांत गाणं म्हटलं नाही म्हणून आपण सगळ्यांदेखत तिला बोललो होतो: नवरा मेल्यासारखं तोंड काय करून बसतेस? आणि ती उठली होती आणि गायली होती. रात्रीच्या जेवणाला मेदेरची थाळी मांडायला आपण तिला सांगत होतो, शकुन म्हणून, आणि ती मांडत होती आणि जेवण झालं की त्या कोरड्या थाळीवरून फडकं फिरवून ती उचलून ठेवत होती. अख्खा हिवाळा या घरात एक विधवा रंगीत रुमाल बांधून राबत होती आणि पोलिश शब्द पाठ झाले का ते तपासायला आपण तिला बसवत होतो. लेकाचं दुःख अजून नीट पोचलंही नव्हतं. त्याच्या आधी ही लाज पोचली.

तिनं संदूक उघडली. नवऱ्याच्या वर्षभराच्या दुखवट्यात बांधलेला काळा रुमाल तळाशी घडी करून ठेवलेला होता, तो काढला. जिपारच्या डोक्यावरचा लाल फुलांचा सोडला आणि काळा बांधला. गाठ बसत नव्हती. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"रड," ती म्हणाली.

"आपा, मोठे आके म्हणालेत, ते सांगेपर्यंत..."

"मला सांगायचं ते मोठे आके मला सांगतील. तुझं तू रड. चार महिने झाले पोरी."

जिपारनं भिंतीकडे तोंड केलं, आमच्या बायका करतात तसं, आणि तिचा आवाज सुटला. नवऱ्याला आळवायचं गाणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. तो आवाज आधी नुसताच होता, मग त्याला शब्द येत गेले. बुरुलचा तिच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, पण तिला स्वतःला काही गाता येईना. ती गावातली नावाजलेली आळवणारी होती. दुसऱ्यांच्या मयतीला तिला मुद्दाम बोलावून नेत. आज तिच्या तोंडून आवाजच निघेना, ती फक्त सुनेची पाठ धरून पुढेमागे हलत राहिली.

तो आवाज गावभर गेला. उमुरझाक आकेंच्या घरी तेव्हा वडीलधारे चहा घेत बसले होते, उद्या सकाळी कोणी बोलायचं, ससाण्यापासून सुरुवात करायची की झाडापासून, हे ठरवत. त्यांच्या अंगणात दुखवट्याला उभारायच्या तंबूचे लोकरी नमदे झटकून वाळत घातले होते आणि मयतीच्या जेवणासाठी घोडी बांधून ठेवली होती. आवाज ऐकून कप जिथल्या तिथं राहिले. सगळे उठून आले. वाटेत साइरा एजे डोक्यावर काही न घेता धावत येताना दिसल्या, त्याही त्यांच्यात मिसळल्या.

उमुरझाक आके दारात थांबले. त्यांनी जन्मात इतक्या घरांत ही बातमी नेली होती, पण त्यांच्या आधी पोचलेल्या बातमीपुढे उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. तोंडातला ससाणा तोंडातच राहिला. जिपारच्या डोक्यावरचा काळा रुमाल पाहून त्यांचा चेहरा कठोर झाला. त्यांनी वळून साइरा एजेंकडे पाहिलं, मग कोपऱ्यात जमलेल्या शेजारणींकडे.

"कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मी बजावलं होतं. कोणाची जीभ सुटली?"

जिपार रडायची थांबली. बुरुलचानं सुनेच्या पाठीवरचा हात काढला नाही आणि दिराकडे मान वर करून पाहिलं, जे सुना आमच्यात कधी करत नाहीत.

"मीच सांगितलं, आके," ती म्हणाली. "आनंदाची बातमी म्हणून सांगितलं."